‘पुरो’ म्हणणाऱ्या पक्षाला मतं का पडतात? युरोपातली उजवी लाट आणि आमचा स्विंडनचा मामेभाऊ

डिचोलीचा_दत्तू (धागाकर्ता)

लोकहो, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

२०२५ च्या मे महिन्यात मामेभावाचा इंग्लंडातल्या स्विंडनहून व्हिडिओ कॉल आला. टेबलावर एक जाड पाकीट, वर पोर्तुगीजमध्ये काहीतरी छापलेलं. "अरे, हें कितें आयलां पळय." फोडलं तर आत अजून एक पाकीट आणि एक लांबलचक मतपत्रिका, एकाखाली एक पक्षांची नावं, चिन्हं आणि पुढे रिकामे चौकोन. ह्या बाबाला पोर्तुगीज म्हणजे ‘ओब्रिगाद’ नि ‘बोम दिया’, संपलं. आमचे आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्या जोरावर लिस्बनला नोंद, मग पासपोर्ट, मग इंग्लंडात गोदामात नोकरी. पोर्तुगालात आयुष्यात एकदाच गेलाय, तेही कागदांसाठी दोन दिवस. पण परदेशी राहणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला संसदेच्या निवडणुकीचं मत पोस्टाने घरी येतं, तसं ह्याला आलं.

तर मतपत्रिका कॅमेऱ्यासमोर धरून विचारतो, "चेगा म्हणजे काय रे?" म्हटलं चेगा म्हणजे पुरे, बस्स झालं, आपलं ‘पुरो’ म्हणतात ना तेच. तो जो हसला! म्हणाला, "मग हांवूं हाकाच घालतां." म्हणजे मत ह्यालाच.

मी म्हटलं अरे शाण्या, हा पक्ष बाहेरून येणाऱ्यांच्या विरोधातला आहे आणि तू कोण आहेस? तर म्हणतो मी कागद करून आलो, रांगेत उभा राहून आलो, फी भरली, आणि आता होडीतून येतात त्यांना इथे हॉटेलात ठेवतात. होड्या येतात इंग्लंडात, राग इंग्लंडच्या सरकारवर, मत पोर्तुगालच्या निवडणुकीत, आणि माणूस डिचोलीचा. तेव्हापासून मला ह्या विषयाचा किडा चावलाय.

आधी आकडे, म्हणजे सगळे एका पानावर येऊ. आंद्रे व्हेंतुरा नावाचा माणूस, टीव्हीवर फुटबॉलवर वाद घालून प्रसिद्ध झालेला, २०१९ मध्ये त्याने चेगा काढला. त्या वर्षी १.३ टक्के मतं, एक खासदार, तो स्वतःच. २०२२ ला ७ टक्के आणि १२ खासदार. मार्च २०२४ ला १८ टक्के, ५०. मे २०२५ ला साधारण २३ टक्के आणि २३० च्या सभागृहात ६०, समाजवाद्यांच्या वर, दुसऱ्या नंबरचा पक्ष. सहा वर्षांत! आपल्याकडे सहा वर्षांत रस्त्याचं हॉटमिक्स होत नाही.

बरं पोर्तुगाल एकटा नाही. जर्मनीचा उजवा पक्ष एएफडी २०१३ ला ४.७ टक्क्यांवर होता, २०२५ ला २०.८. इटलीत मेलोनीबाईंचा पक्ष २०१८ ला ४ टक्क्यांच्या आसपास, २०२२ ला २६ आणि बाई पंतप्रधान. फ्रान्समध्ये २००२ ला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत टोकाच्या उजव्यांचा पुढारी, बाप ल पेन, दुसऱ्या फेरीत गेला तेव्हा त्याला १८ टक्केसुद्धा पडले नाहीत आणि अख्खा देश रस्त्यावर आला होता, २०२२ ला मुलीला ४१ टक्क्यांच्या वर पडले नि कोणी फारसं हललंही नाही.

मग का? जो तो आपापलं औषध विकतो. एक म्हणतात अर्थव्यवस्था: कारखाने गेले, पगार गोठले, लोक चिडले. त्यात तथ्य नाही असं नाही. जर्मन अर्थतज्ज्ञांनी १८७० पासूनच्या २० देशांतल्या ८०० वर निवडणुका तपासल्या, आर्थिक संकटानंतर टोकाच्या उजव्या पक्षांची मतं सरासरी ३० टक्क्यांनी वाढतात असं निघालं, म्हणजे १० असतील तर १३. पण मग पोर्तुगालचं काय करायचं? २०११ ला तो देश जवळजवळ दिवाळखोर झालेला, ७८ अब्ज युरोचं कर्ज घेतलं, पगार-पेन्शनी कापल्या, शिकलेली पोरं देश सोडून गेली आणि तेव्हा असा पक्ष उगवलाच नाही. उगवला आठ वर्षांनी, पर्यटन जोरात असताना.

दुसरे म्हणतात संस्कृती: चर्च रिकामी पडली, बायका शिकल्या, समलिंगी लग्नं आली, तर जुन्या वळणाचा माणूस बिथरला. ठीक आहे. पण हे सगळं चाळीस-पन्नास वर्षं हळूहळू चाललंय, मतं मात्र सहा वर्षांत फुटली, ते कसं?

मला सगळ्यात पटलेलं उत्तर एका पोर्तुगीज राज्यशास्त्रज्ञाचं आहे, व्हिसेंते व्हालेंतिम त्याचं नाव. तो म्हणतो ही मतं लोकांच्या मनात आधीपासून होतीच, फक्त उघड बोलायची सोय नव्हती. पोर्तुगालमध्ये सालाझारच्या हुकूमशाहीची आठवण, ती राजवट उलथवणारी २५ एप्रिल १९७४ ची क्रांती, त्यामुळे असलं काही बोललं की शेजारी तोंड फिरवणार. मतदार गप्प, म्हणून चांगला बोलणारा पुढारीही तिकडे फिरकत नाही, उरतात ते चार विक्षिप्त. मग एखादा तयारीचा गडी धोका पत्करतो, निवडून येतो, नि सगळ्यांना एकदम कळतं की अरे आपण एकटे नव्हतो. पंगतीत कसं, पोट भरलं तरी सगळे बसून राहतात, एक जण पान सोडून उठला की अख्खी पंगत उठते.

म्हणजे माझं म्हणणं असं की ‘लोक अचानक का बदलले’ हा प्रश्नच चुकीचा आहे. लोक फार बदलले नाहीत, लाज गेली. आता बोला.

नुस्त्याची_कढी

धागा वाचनीय, पण एवढा कीस कशाला? लोंढे आले, लोक वैतागले, मत दिलं. पोर्तुगालात सात-आठ वर्षांत परदेशी लोक चार लाखांवरून पंधरा लाखांच्या आसपास गेले, एक कोटीच्या देशात. लिस्बनला भाडं परवडत नाही, २०२५ ला किमान पगार ८७० युरो होता, त्यात एक खोली मिळाली तर नशीब. ह्याला लाज जाणं म्हणत नाहीत, ह्याला पाणी नाकापर्यंत येणं म्हणतात. तुम्ही शिकलेले लोक साध्या गोष्टीचं लोणचं घालता.

डिचोलीचा_दत्तू

कढीबाब, लोंढ्याचा संबंध नाही असं मी म्हटलंच नाहीये. पण सरळ हिशोब लावायला गेलं की तो बसत नाही. जर्मनीत एएफडी सगळ्यात जोरात पूर्वेला, थुरिंगियात सप्टेंबर २०२४ ला ३२.८ टक्के, पहिला नंबर, आणि परदेशी लोक सगळ्यात कमी तिथेच. ब्रिटनमध्ये लंडन भरलेलं बाहेरच्यांनी, तिथे ब्रेक्झिटच्या विरोधात मत.

आता तुमच्या बाजूचं पण सांगतो. पोर्तुगालात चेगा २०२४ ला आल्गार्व्हमध्ये पहिला आला, २०२५ ला बेजामध्येपण. बेजा म्हणजे आलेंतेझु, कम्युनिस्टांचा जुना गड. तिथे ओदेमिराला प्लास्टिकच्या मांडवाखाली स्ट्रॉबेरी-रास्पबेरी होतात नि तोडायला नेपाळी, बांगलादेशी आणि आपले पंजाबी. गावात पाच-सहा वर्षांत चेहरेच बदलले. म्हणजे आकडा किती मोठा ह्यापेक्षा किती झपाट्याने बदललं, ते जास्त टोचतं. जिथे पन्नास वर्षं मिसळ झालीये तिथे लोक सरावतात.

म्युनिकवाली_माई

मी फोंड्याची, १४ वर्षं इथे आहे, थोडं जर्मनीचं. एएफडी निघाला तेव्हा त्याला आम्ही प्रोफेसरांचा पक्ष म्हणायचो, खरंच अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, मुद्दा एकच की ग्रीसला आमचे पैसे का देता. परदेशी माणसांबद्दल फार काही नव्हतंच. २०१३ ला संसदेत शिरायची पाच टक्क्यांची अट हुकली, मला वाटलं संपले. मग २०१५ आलं, प्राध्यापक बाहेर पडले, दुसरीच मंडळी आत, त्याच वर्षात जवळपास नऊ लाख निर्वासित, मेर्केलबाई म्हणाल्या "आपण करून दाखवू", आणि पक्षाने कात टाकली. दुकानाची पाटी तीच, माल बदलला.

दत्तूचं लाज गेल्याचं बरोबर आहे, मी बघितलंय. आमच्या बिल्डिंगमधल्या आजी, माझ्या मुलीला लहानपणापासून चॉकलेट देणाऱ्या, २०१७ ला एएफडीचं नाव काढलं की कानावर हात ठेवायच्या. गेल्या वर्षी जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "ह्या वेळी मी त्यांनाच दिलं, तुमच्याबद्दल नाही हं, तुम्ही काम करता." हे ‘तुमच्याबद्दल नाही हं’ ऐकून मी घरी येऊन दहा मिनिटं नुसती बसून होते. आजींचा राग नाही येत हो, संध्याकाळी परत चॉकलेट घेऊन आल्या.

पेडण्याची_पोरसवाली

माई ❤️

अर्थशास्त्र मला कळत नाही पण एक सांगते. आमच्या सासऱ्यांचा पोसरो, म्हणजे किराणा दुकान, होता वाड्यावर, पुढे लाकडी बाक. तेल, काडेपेटी, सोलां, उधारीची वही. संध्याकाळी पाच-सहा पुरुषमाणसं बाकावर, कोणाची गाय हरवली इथपासून दिल्लीत काय चाललंय इथपर्यंत सगळं तिथेच. त्यात एक जण सारखा काहीतरी टोकाचं बोलायचा, बाकीचे त्याला "गप रे" म्हणून बसवायचे. पोसरो बंद झाला, सासरे गेले, बाक आमच्या पडवीत आलाय नि त्यावर आता नारळ ठेवतो. तो माणूस आहे अजून. आता त्याच्याकडे मोबाईल आहे नि "गप रे" म्हणायला कोणी नाही, उलट तिथे त्याच्यासारखेच पाचशे.

मुलाने दाखवलं म्हणून कळलं, इंग्लंडमध्ये असा अभ्यास झालाय की ज्या भागात पब बंद पडत गेले तिथे युरोपियन युनियनमधून बाहेर पडा म्हणणाऱ्या त्या युकिप पक्षाला पाठिंबा वाढलेला दिसतो. बिअर नाही मिळाली म्हणून नाही, बसायची जागा गेली म्हणून. मला तर ते वाचल्या वाचल्या आमचा बाकच दिसला.

शंकासुर

पोरसवाली, प्रतिसाद आवडला, धाग्यापेक्षाही. (दत्तू रागवू नको.)

इटलीतलं ह्याच्याच जवळचं आहे. २०१० मध्ये सरकारने कायदा केला की पाच हजारांपेक्षा लहान गावांनी आपली कामं शेजारच्या गावांबरोबर एकत्र करावीत, खर्च वाचावा म्हणून. म्हणजे तुमची पंचायत आहे पण दाखला काढायला तीन गावं पलीकडे जा. नंतर तपासलं तर पाच हजारांच्या जरासं खाली असलेल्या गावांत टोकाच्या उजव्यांची मतं जास्त वाढली, जरासं वर असलेल्यांत तेवढी नाही. लोक तेच, हवा तीच, फरक फक्त खिडकी बंद झाल्याचा. आणि राग कोणावर? खिडकी बंद करणाऱ्यावर काढायला हवा, पण निघतो रांगेत पुढे दिसणाऱ्या परक्या चेहऱ्यावर. ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठातल्या फेत्झर नावाच्या अर्थतज्ज्ञाने हेच २०१० नंतरच्या सरकारी काटकसरीबद्दल दाखवलंय, जिथे भत्ते जास्त कापले तिथे युकिप जास्त वाढला.

म्हणून दत्तूच्या सिद्धांताला माझी एक पाचर. लाज गेली हे ‘कधी’चं उत्तर झालं, ‘का’चं नाही. मनात होतं म्हणतोस, पण मनात कोणी घातलं?

स्विंडनातून_सलाम

आमच्या गावाचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड विसरलो होतो 😀

इथे सगळे होंडाच्या कारखान्याचं नाव घेतात की कारखाना गेला म्हणून स्विंडनने ब्रेक्झिटला मत दिलं. अहो उलटं आहे. मतदान जून २०१६ चं, स्विंडनमध्ये बाहेर पडायच्या बाजूने ५४-५५ टक्के. होंडाने बंद करतो असं सांगितलं २०१९ च्या फेब्रुवारीत आणि शेवटची गाडी निघाली २०२१ च्या जुलैत, साधारण साडेतीन हजार कामगार. मत आधी, कुलूप नंतर. तेव्हा ‘नोकरी गेली म्हणून राग’ हे सरसकट चालत नाही. नोकरी जाईल ह्या भीतीने म्हणा, किंवा आपल्या गावात आपला मान राहिला नाही म्हणून म्हणा.

आणि एक गंमत, इथल्या गोंयकारांनाच माहीत. २०१६ ला माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, म्हणून मला मत नाही. माझ्या शेजारी म्हापशाची मुलगी, भारतीय पासपोर्टवर नर्स, तिला मत होतं, कारण कॉमनवेल्थ! ज्याचं भविष्य ठरणार तो घरात बसून टीव्ही बघतोय नि जिला काही फरक पडत नाही ती मत देऊन आली. तिने कुठे दिलं विचारू नका, आम्ही अजून शेजारी आहोत.

दत्तूच्या भावासारखे इथे ढिगाने आहेत. आधी आलेला नंतर आलेल्याला शिव्या घालतो, हे युरोपने शोधून काढलेलं नाही.

डिचोलीचा_दत्तू

सलामबाब, होंडाचं बरोबर, माझ्याच डोक्यात उलटं बसलेलं होतं. धन्यवाद.

आणि भाऊ एकटा नाही हेही खरं. त्या २०२५ च्या निवडणुकीत परदेशी राहणाऱ्या पोर्तुगीजांच्या चार जागा, त्यातल्या दोन चेगाला, समाजवाद्यांना भोपळा. स्वतः स्वित्झर्लंड-लक्झेंबर्गला मजुरीला गेलेले लोक, मत ‘बाहेरचे नको’ला. आपण वेगळे, आपण कष्टाचे, ते फुकटे. माईच्या आजींचं ‘तुमच्याबद्दल नाही हं’ इथे आरशात दिसतंय.

खाणपट्टा_७२

तुम्ही युरोपचं बोलताय, मला माझं अंगण दिसतंय. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा माझे दोन ट्रक, एकाचं कर्ज चालू. मग थोडं सुरू झालं, परत २०१८ च्या मार्चमध्ये कोर्टाच्या निकालाने बंद. एक ट्रक विकला भंगाराच्या भावात, दुसरा अजून माडाखाली उभा आहे, हौद्यात पावसाचं पाणी साठून आत बेडूक. त्या काळात आमच्या गावात सभा व्हायच्या, आणि खरं सांगतो, खाण कोणी किती उपसली, पैसे कुठे गेले ह्याबद्दल टाळ्या पडत नव्हत्या. टाळ्या कधी पडायच्या? "भायले येऊन आमच्या नोकऱ्या खातात" म्हटलं की. बाहेरचा कोण तर बेळगाव-विजापूरहून आलेला गवंडी. त्याने माझा ट्रक बंद केला नव्हता हे मला ठाऊक होतं. तरी मी टाळी वाजवली. पहिल्या रांगेत बसून वाजवली.

शंकासुर विचारतो मनात कोणी घातलं. माझ्या मनात कर्जाचा हप्ता होता, स्टेजवरच्याने त्याला चेहरा दिला.

नुस्त्याची_कढी

मग सरळ नाव घ्या की. २०२२ ला गोव्यात आरजीने (रिव्होल्युशनरी गोवन्स) ९ टक्क्यांच्या वर मतं घेतली, एक आमदार, पोगो बिलाची मागणी, ‘गोंयकार कोण’ ची व्याख्या. तुमच्या हिशोबाने ते गोव्याचे चेगा झाले ना?

शंकासुर

नाही झाले. ‘टोकाचा उजवा’ म्हणायला राज्यशास्त्रात मोजमाप आहे, कास मुड नावाच्या डच अभ्यासकाचं बहुतेक सगळे मानतात. तीन गोष्टी एकत्र लागतात: देश फक्त इथल्याच रक्ताचा असं मानणं, कडक शिस्त-शिक्षेचं वेड, आणि ‘शुद्ध जनता विरुद्ध सडलेले वरचे’ ही मांडणी. छोट्या राज्याला जमीन-नोकरी वाचवायची भीती असणं नि ही तीन कलमं एकत्र येणं ह्यात फरक आहे. भूमिपुत्राचं राजकारण भारतात डावे-उजवे-मधले सगळ्यांनी केलंय. भाव एका जातीचे असतील, पक्ष एका जातीचा नाही.

संपादक

इथल्या पक्षांवर आणि पुढाऱ्यांवर गाडी वळली की धागा चिखलात जातो हा अनुभव आहे. खाणपट्टा ह्यांचा प्रतिसाद स्वानुभव म्हणून राहील. पुढे युरोपपुरतं ठेवा. दोन प्रतिसाद उडवले आहेत, संबंधितांनी व्यनि पाहावा.

आग्वादची_भिंत

वय ७१. टंकताना चुका होतील, सांभाळून घ्या.

गोवा मुक्तीसाठीच्या १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात माझे काका होते, सरहद्दीवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला तो त्यांनी पाहिला. आमच्या घरात सालाझार हे नाव शिवीसारखं वापरायचे, दूध उतू गेलं तरी सालाझार. आता वाचतो की चेगाने घोषणा घेतली ‘देव, देश, कुटुंब आणि काम’. पहिले तीन शब्द सालाझारच्या राजवटीचे, चौथा जोडलेला. आणि त्या घोषणेच्या पक्षाला ज्याच्या आजोबांनी ती राजवट भोगली तो डिचोलीचा मुलगा मत देतो. मला राग नाही, नवल वाटतं. त्याला कोणी सांगितलंच नसेल. आपल्याकडे गोव्यात १८ जूनला, क्रांतिदिनाला, झेंडा लावतात, भाषणं होतात, मुलं वडे खाऊन घरी जातात. लोहियांनी मडगावला नेमकं काय म्हटलं होतं ते कुठल्या मुलाला विचारा.

पोर्तुगालमध्येही तेच झालं असणार. ज्यांनी १९७४ च्या आधीचं पाहिलं ते म्हातारे झाले, नातवंडांना ती गोष्ट म्हणजे शाळेतला धडा. लाज अशी जाते, हळूहळू, आजोबांबरोबर.

म्युनिकवाली_माई

भिंतकाका 🙏

शंकासुर

काकांना नमस्कार करून एक वेगळा मुद्दा. मोठ्या पक्षांनी काय करायचं ह्याचीपण मारामारी आहे. एक बाजू म्हणते त्यांचेच मुद्दे थोडे उचला, हवा निघेल. ह्या बाजूवाले डेन्मार्कचं उदाहरण देतात. तिथे फ्रेडरिक्सनबाईंच्या समाजवाद्यांनी परदेशी लोकांबाबत एकदम कडक धोरण घेतलं आणि डॅनिश पीपल्स पार्टी २०१५ च्या २१ टक्क्यांवरून २०१९ ला ८.७ वर आली. झालं, सगळे म्हणायला लागले औषध सापडलं. पण २०२२ ला बघा, तो पक्ष २.६ वर, आणि त्याच विचारांचे नवे दोन पक्ष मिळून जवळपास १२. म्हणजे १४ च्या वर परत आले की. बाकीच्या देशांत तपासलं तर नक्कल करून मतं परत आल्याचं सहसा दिसत नाही, कॉपी कशाला, ओरिजिनल घेऊ म्हणतात लोक.

स्विंडनातून_सलाम

मतमोजणीची पद्धत विसरू नका. आमच्याकडे ब्रिटनमध्ये २०२४ ला रिफॉर्म ह्या उजव्या पक्षाला १४ टक्के मतं नि जागा ५. लिबरल डेमोक्रॅटना १२ टक्के, जागा ७२! पोर्तुगालात १८ टक्क्यांवर ५० जागा. मतदाराचा राग तोच, दार कुठे उघडं नि कुठे बंद. पण बंद दारावर लोक जास्त जोरात थापा मारतात ते वेगळं, २०२५ च्या मे मधल्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्मने धुमाकूळ घातला तो आम्ही बघितलाच.

नुस्त्याची_कढी

आणि भ्रष्टाचार? त्यावर कोणीच बोलेना. पोर्तुगालचं सरकार पडलं कशावरून? आपल्या बाबूशवरूनच ना.

डिचोलीचा_दत्तू

कढीबाब, मी वाटच बघत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आंतोनियु कॉश्ता, घरचं नाव बाबूश, वडिलांचं घर मडगावात आबाद फारिया रोडवर. २०१५ पासून पंतप्रधान, २०२२ ला स्वबळावर बहुमत. नोव्हेंबर २०२३ ला लिथियम आणि हायड्रोजनच्या प्रकल्पांच्या चौकशीत धाडी पडल्या, त्याच्या चीफ ऑफ स्टाफच्या ऑफिसात पाकिटांत ७५ हजार युरोच्या वर रोख सापडली, आणि त्याच दिवशी बाबूशने राजीनामा दिला. पुढे निघालं काय, तर फोनवरच्या बोलण्याच्या नोंदीत ‘कॉश्ता’ आणि ‘कॉश्ता सिल्व्हा’ ह्या दोन वेगळ्या माणसांची गल्लत झालेली होती! बाबूश नंतर युरोपियन कौन्सिलचा अध्यक्ष झाला. पण मधल्या मार्च २०२४ च्या निवडणुकीत व्हेंतुरा ‘पोर्तुगाल साफ करू’ म्हणत फिरला नि १२ चे ५० झाले.

आता ह्याच्या उलट बघा. जानेवारी २०२५ ला चेगाचाच एक खासदार विमानतळावर पट्ट्यावरून लोकांच्या बॅगा उचलल्याच्या संशयात सापडला. बॅगा! साफ करायला निघालेल्यांचा माणूस. आपल्याला वाटेल आता झोपणार पक्ष. चार महिन्यांनी ५० चे ६०. म्हणजे भ्रष्टाचाराचा राग खरा असेल, पण तो वापरायचा कोणावर हे आधीच ठरलेलं असतं. सरकारात बसलेल्याचं पाकीट डोळ्यात खुपतं, आपल्याचं बॅग उचलणं म्हणजे वैयक्तिक बाब.

तरी एक सांगायला हवं, छत कुठेतरी आहे. २०२६ च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत व्हेंतुरा दुसऱ्या फेरीत पोचला पण फेब्रुवारीत समाजवादी सेगुरोने त्याला मोठ्या फरकाने पाडलं, व्हेंतुराला साधारण एक तृतीयांश. उजव्या बाजूचे कितीतरी लोक सेगुरोकडे गेले. अर्थात २००२ ला बाप ल पेनच्या समोर शिराकला ८२ टक्के पडले होते, तेवढी भिंत आता कुठेच उरली नाही.

पेडण्याची_पोरसवाली

दत्तू, ते सगळं असू दे, भावाने शेवटी मत दिलं का? तू सांगितलंच नाहीस. मी सकाळपासून त्याच्यासाठी धागा उघडून बसलेय.

डिचोलीचा_दत्तू

पोरसवालीताई, तुम्ही विचारलंत म्हणून काल रात्री त्याला फोन केला. साहेब चिडलेले, कारण राष्ट्राध्यक्षाच्या वेळी पाकीट आलंच नाही. म्हटलं ते मत पोस्टाने नसतं, कॉन्सुलेटला जाऊन द्यावं लागतं. "लंडनाक? रजा काढून?" राहिलंच ते.

मग विचारलं, गेल्या वेळचं घातलंस ना, चेगाला? म्हणाला घातलं म्हणजे काय, नीट फुली मारली, आतलं पाकीट चिकटवलं, बाहेरचं चिकटवलं, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. म्हटलं आणि आयडी कार्डाची झेरॉक्स?

"कसली झेरॉक्स?"

बाहेरच्या पाकिटात कार्डाची प्रत नसेल तर मत बाद. २०२२ ला ह्याच भानगडीत युरोपातली दीड लाखाच्या वर मतं बाद झाली होती, कोर्टात गेलं, परत मतदान घ्यावं लागलं. कागद नीट करून आलो म्हणून छाती ठोकणारा आमचा भाऊ, त्याचाच कागद कमी पडला.

मी हसलो तर थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "फुडले फावट घालतां," म्हणजे पुढच्या वेळी. आणि बायकोला ओरडून विचारलं, झेरॉक्स कुठे मिळते गं इथे, त्या बांगलादेशी दुकानात का?